निकामी मालाचा धनी

कोणत्याहि नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आवारांत मागच्या अंगास गेलें, तर एक देखावा बहुधा चुकत नाहीं. भिंतीलगत चार-सहा मोटारी ओळीनें उभ्या असतात. चाकांतली हवा गेलेली, कांचा तडकलेल्या, आणि पुढच्या झांकणाच्या फटींतून गवताचें एखादें पातें वर डोकावणारें. शेजारीं पंपाचे सुटे भाग, वांकलेले दिव्याचे खांब, पाय मोडलेल्या खुर्च्या आणि गंजलेलीं टंकलेखन-यंत्रें. यांतील प्रत्येक वस्तु विकत घेतली गेली तेव्हां सभेंत भाषणें झालीं, दरपत्रकें मागविण्यांत आलीं, आणि मोटार असेल तर तिला हार घालून नारळहि फोडण्यांत आला. वस्तु घेतांना जी वाजंत्री वाजते ती वस्तु काढून टाकतांना वाजत नाहीं, हें खरें. आणि नेमकें त्याच कारणानें सार्वजनिक द्रव्य कोठें नकळत पाझरत असेल, तर तें बहुधा या मागच्या आवारांतच.

काम संपलेल्या सरकारी वस्तूचें काय करावें, आणि ती निकामी झाली हें ठरवावें कोणीं, हा प्रश्न कांहीं लोकसत्तेबरोबर जन्मास आलेला नाहीं. तो फार जुना आहे. किल्ला, दरबार, नगरपालिका आणि महानगरपालिका अशा चारहि अवस्थांतून गेलेलें कोल्हापूर हें या प्रश्नाच्या अभ्यासाला मोठें सोयीचें गांव आहे. तेथील तीनशें वर्षांचा इतिहास या एका बारीक भिंगांतून पाहिला, तर राजाची मालमत्ता लोकांची मालमत्ता कशी होत गेली तें बरेंच स्पष्ट दिसतें.

कोल्हापूरच्या गादीचा विषय निघाला म्हणजे रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांच्यापासून आरंभ करणें प्राप्त होतें. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत, कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नांवें जें आज्ञापत्र सिद्ध झालें, त्याचे कर्ते हेच पंत. हें आज्ञापत्र आज लोक वाचतात तें दुर्ग आणि आरमार यांवरील प्रकरणांसाठीं. परंतु तें एका कसलेल्या कोठावळ्याचेंहि लिखाण आहे, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. हवालदारानें आठ-पंधरा दिवसांनीं स्वतः येऊन दारू, बाण वगैरे जिन्नस बाहेर काढावा, त्यास ऊन द्यावें, आणि पुन्हा आंत ठेवून मुद्रा करावी, इतक्या बारकाईनें त्यांत सांगितलें आहे. सामान निकामी होऊं न देणें हीच पंतांच्या मतें पहिली काटकसर.

त्याच ग्रंथांत झाडांविषयीं जी आज्ञा आहे ती तर या विषयाच्या अगदीं मुळाशीं जाणारी आहे. आरमारास लांकूड हवें; पण रयतेनें लेकराप्रमाणें वाढविलेलें आंब्या-फणसाचें झाड सरकारनें तोडूं नये. एखादें झाड अगदींच जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल, तर तें धन्याची समजूत घालून, त्यास द्रव्य देऊन, त्याच्या राजीखुशीनें तोडावें. बळजोरी सर्वथा करूं नये, असा त्या आज्ञेचा आशय आहे. झाड जीर्ण झालें म्हणून त्याचा धनी नाहींसा होत नाहीं, ही गोष्ट पंतांनीं तलवारीच्या राज्यांत बसून लिहून ठेवली. पुढें ज्यांच्या हातीं कायद्याचें राज्य आलें त्यांना ती नेहमींच आठवली असें नाहीं.

हा झाला रयतेच्या वस्तूचा विचार. राज्याची स्वतःची वस्तु जुनी झाली म्हणजे काय होत असे? मराठी राज्यांत अठरा कारखाने मोजीत. पीलखान्यांत हत्ती, उष्टरखान्यांत उंट, फरासखान्यांत तंबू-गालिचे, शिलेखान्यांत हत्यारें, जामदारखान्यांत नगद व जडजवाहीर, अशी ती मांडणी. प्रत्येक खात्याला दरोगा, कारकून आणि जमाखर्च असे. पण हें सारें अखेर एकाच धन्याचें. राजवाड्यांतील जीर्ण वस्त्र सेवकाला मिळावें, फुटकी पितळ पुन्हा मुशींत जावी, थकलेल्या जनावराला बसून चारा मिळावा, ही साधारण रीत. जें दिलें तें बक्षीस. त्याला किंमत ठरवावयाची नाहीं, आणि हिशेब विचारणाराहि कोणी नाहीं. या रीतीला सरसकट नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. तींत नासाडी कमी होती, आणि वस्तु बहुधा ज्याला तिची गरज त्याच्याच हातीं पडे. उणीव होती ती एवढीच कीं, देणाऱ्याची मर्जी हाच तेथें कायदा होता.

ही मर्जी परक्याच्या हातीं गेली म्हणजे काय होतें, तें १८४४ सालीं दिसलें. छत्रपति अल्पवयी होते, आणि इंग्रजांनीं नेमलेले दाजी कृष्ण पंडित कारभार पाहात होते. किल्ल्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे जे गडकरी, त्यांना चाकरीबद्दल जमिनी होत्या. नव्या कारभाराच्या हिशेबीं हे किल्ले व हे गडकरी दोन्ही अनावश्यक ठरले, आणि त्यांच्या जमिनींना हात लागला. ठिणगी पडली ती गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर. ज्या किल्ल्याच्या नांवांतच सामान आहे, तेथूनच जुनें सामान ठरविलेल्या माणसांनीं बंड करावें, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. ऑक्टोबरांत सामानगड पडला, त्यामागून भुदरगड, आणि डिसेंबरांत पन्हाळा. पुढें तटबंद्या मोडण्यांत आल्या. पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला गेला तो याच वेळीं. पन्हाळ्यास आज हवा खावयाला जाणारी मंडळी तेथून वर चढतात तेव्हां त्या मोकळ्या जागेवर काय उभें होतें, याची कल्पनाहि पुष्कळांना नसते. गडकऱ्यांना तर कोणी लिलावांतहि काढलें नाहीं. ते नुसते वजा झाले.

यानंतर दहा वर्षांनीं, १८५४ सालीं, दोन घटना घडल्या. एक कोल्हापुरांत आणि दुसरी नागपुरांत. त्या एकमेकींस ठाऊकहि नव्हत्या. परंतु आपल्या विषयापुरतें पाहिलें तर त्या समोरासमोर ठेवून वाचण्याजोग्या आहेत.

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले, आणि डलहौसीनें राज्य खालसा केलें. राज्य गेलें तें गेलेंच. पण त्यामागोमाग वाड्यांतील चीजवस्तूवरहि सरकारी कारकुनांचे हात पडले. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस नेऊन विकण्यांत आले, आणि जवाहीर कलकत्त्याच्या बाजारांत गेलें. के या इंग्रज इतिहासकारानेंच लिहिलें आहे कीं, तीं जनावरें मढ्याच्या मोलानें गेलीं. सामान हललें तर वाड्याला आग लावीन, असें वृद्ध बांकाबाई म्हणाल्याचें तोच सांगतो. आतां यांत एक गोष्ट ध्यानीं घेण्यासारखी आहे. ही विक्री कांहीं चोरून झाली नाहीं. ती भर बाजारांत झाली. ज्याला बोली करावयाची त्याला करतां आली. म्हणजे आज आपण ज्या उघडेपणाचा आग्रह धरतों तो सगळा तेथें होता. नव्हती फक्त विकणाऱ्याची मालकी. वऱ्हाड-नागपुराकडे लिलावाला अजूनहि हर्रास म्हणतात. त्या शब्दांतला कडवटपणा कोशांत सांपडणार नाहीं, पण सीताबर्डीच्या त्या दिवसांची हकीकत वाचली म्हणजे तो जाणवल्यावांचून राहात नाहीं.

त्याच १८५४ सालीं कोल्हापुरांत नगरपालिका स्थापन झाली. त्या काळची नगरपालिका म्हणजे मतें देऊन निवडलेली सभा नव्हे. दरबाराचा आणि पोलिटिकल एजंटाचा हात तिच्यावर पुरता होता. तरीहि एका दृष्टीनें ती नवी चीज होती. शहरांतील कर शहराच्या कामीं लागावा, आणि त्यांतून घेतलेली वस्तु शहराची म्हणून नोंदली जावी, ही कल्पना तिच्याबरोबर आली. आरंभींची मालमत्ता ती काय असणार? नगरपालिका म्हणजे त्या काळीं झाडू, कचऱ्याच्या बैलगाड्या, पखाली, आणि दिवाबत्तीच्या माणसाची शिडी व तेलाचा डबा. पुढें बंब आले, घासलेटचे कंदील आले. वीज आली तेव्हां तेच कंदील अडगळ झाले. बैल जाऊन लॉरी आली तेव्हां गाड्यांचे जू आणि चाकें कोठाराच्या कोपऱ्यांत पडलीं. प्रत्येक सुधारणा मागें कांहीं अडगळ ठेवून जाते, हें कोठाराच्या वहींत जितकें स्पष्ट दिसतें तितकें इतिहासाच्या पुस्तकांत दिसत नाहीं.

आणि अडगळ विकावयाची म्हणजे लिलाव. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. शब्द परका असला तरी विधि मात्र पुरता देशी होऊन गेला. आधीं दवंडी, मग मालाची पाहणी, मग सरकारी बोली, मग चढाओढ, आणि शेवटीं एक वार, दोन वार, तीन वार. या तीन वारांना मोठा अर्थ आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वारामध्यें जो क्षणभर थांबा असतो तो गरिबाला विचार करावयास दिलेला वेळ असतो. बंद पाकिटांतल्या टेंडरांत तो थांबा नाहीं.

संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां तर सगळ्या दौलतीचाच हा प्रश्न उभा राहिला. राजाचें खासगी कोणतें आणि संस्थानचें कोणतें? विलीनीकरणाच्या करारांप्रमाणें संस्थानिकांनीं आपल्या खासगी मालमत्तेच्या याद्या द्यावयाच्या होत्या, आणि वाद पडल्यास निर्णयाची सोयहि होती. पण जेथें दीडशें-दोनशें वर्षें दोन्ही कोठारांना एकच किल्ली होती, तेथें ही रेषा ओढणें सोपें नव्हतें. वाडा, शेतवाडी, घोडे, बग्ग्या, मोटारी, प्रत्येक वस्तूला ‘तूं कोणाची?’ असें विचारावें लागलें. छत्रपति राजाराम महाराजांची १९३६ ची मेबॅक मोटार खासगीकडे राहिली, आणि दसऱ्याच्या सोहळ्यांत ती केशरी रंगाची गाडी पाहावयाला लोक अजून गर्दी करतात. तिच्याच वेळच्या किती सरकारी मोटारी मोडींत गेल्या असतील! एकच लोखंड, परंतु एकाला घराणें मिळालें आणि दुसऱ्याला खातें.

जिवंत सामानाची गोष्ट याहून अवघड होती. कोल्हापूर दरबारानें शिकारीसाठीं आफ्रिकेंतून आणलेले चित्ते पाळले होते, आणि त्यांना शिकविणारे, त्यांच्या शेजारीं वावरणारे चित्तेवान हा एक कसबी वर्गच तेथें निर्माण झाला होता. लोकांच्या अंदाजपत्रकांत चित्त्याचें मांस बसत नाहीं, हें कोणीहि मान्य करील. पण चित्ता गेला म्हणजे चित्तेवानाची विद्याहि निकामी झाली. जनावराचें मोल कोणी तरी करूं शकतो. त्या विद्येचें मोल करण्यास कोणत्याच नोंदवहींत रकाना नव्हता. गडकऱ्यांची गोष्ट शंभर वर्षांनीं, पुष्कळ सौम्य रूपानें, पुन्हा घडली एवढेंच.

याच सुमारास कोल्हापूरपासून जवळच, वळिवडे येथें, आणखी एक मोठें बिऱ्हाड रिकामें झालें. दुसऱ्या महायुद्धांत रशियानें सैबेरियाकडे हांकललेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानांत आले, आणि त्यांतील सुमारें पांच हजारांची वसाहत १९४३ पासून वळिवड्यास झाली. त्यांत बायका-मुलेंच बहुत. त्या छावणींत शाळा होत्या, देऊळ होतें, दवाखाना होता. १९४८ पर्यंत तीं मंडळी निघून गेलीं. उरल्या त्या बराकी. आतां हिशेबाच्या काटेकोर नियमानें पाहिलें, तर लांकूड-कौलें लिलावांत काढून येईल ती रक्कम जमा करणें हा मार्ग मोकळा होता. पण त्याच वेळीं फाळणीनें घरदार गमावलेलीं सिंधी कुटुंबें निवारा शोधीत होतीं. त्याच छावणींत त्यांची वस्ती झाली, आणि वळिवड्याच्या त्या बराकींचें गांधीनगर झालें. पश्चिम महाराष्ट्रांतले कापडाचे व्यापारी आज ज्या गांधीनगरच्या पेठेंत खरेदीस जातात ती पेठ या उरलेल्या मालांतून उभी राहिली आहे. निर्वासितांचें घर निर्वासितांच्याच हातीं गेलें. चढ्या बोलीच्या नियमानें हें कधींच झालें नसतें. म्हणून लिलाव हाच एक शुद्ध मार्ग असें जे समजतात, त्यांनीं एकदां गांधीनगरास जाऊन यावें.

युद्धानें मागें टाकलेला माल सगळाच असा सार्थकीं लागला नाहीं. अमेरिकन फौजेचें हिंदुस्थानांत उरलेलें सामान १९४६ मध्यें सरकारनें विकत घेतलें, आणि जीपगाड्या, ट्रक, तंबू, तारा, हत्यारें यांची विक्री सुरू झाली. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग तेव्हां मराठींत आला, आणि आजोबांच्या पिढीच्या तोंडीं तो पुष्कळ वर्षें टिकला. मोडक्या यंत्राकडे पाहून त्याचा कोणता भाग कशाला लागेल हें ओळखणारा मिस्त्री ज्या गांवीं होता, त्या गांवाला अशा मालाचा खरा उपयोग. कोल्हापुरांत असे मिस्त्री होते. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांनीं ऑईल इंजिनाच्या उद्योगाची जी मुहूर्तमेढ रोवली, ती कांहीं पुस्तकें वाचून नव्हे. यंत्र उघडून, पाहून, आणि तसेंच दुसरें ओतून. उद्यमनगराच्या मिस्त्रीला भंगार म्हणजे शाळा वाटे.

विलीनीकरणानंतर मुंबई प्रांताचे कायदे आले. कोल्हापूर १९७२ सालीं महानगरपालिका झाली, आणि तिला १९४९ चा महानगरपालिकांचा कायदा लागू झाला. त्याचें एकोणऐंशीवें कलम या विषयाचें मर्म आहे. जंगम मालमत्ता, म्हणजे हलवितां येणारी वस्तु, एका व्यवहारांत ५०० रुपयांपर्यंतची असेल तर आयुक्तानें आपल्या अधिकारांत विकावी. ५,००० रुपयांपर्यंतची असेल तर स्थायी समितीची मंजुरी घ्यावी. त्यावरची असेल तर सर्वसाधारण सभेपुढें जावें, अशी ही पायरी आहे. आयुक्ताची मर्यादा सरकारच्या संमतीनें वाढवितां येते. मूळ आंकडे लिहिले गेले तेव्हां ५०० रुपये ही मोठी रक्कम होती. आंकडे जुने झाले; पण पायरीमागचा विचार जुना झालेला नाहीं. किंमत जितकी मोठी, तितक्या अधिक डोळ्यांखालून ती जावी, हा तो विचार.

नगरपरिषदांसाठीं १९६५ चा, आणि जिल्हा परिषदांसाठीं १९६१ चा कायदा आहे. तपशील निराळे, वळण तेंच. प्रत्यक्ष व्यवहार मात्र कायद्याच्या पुस्तकांत होत नसून जडवस्तुसंग्रह नोंदवहींत होतो. ज्याला शाळा-कचेऱ्यांत डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात तें हेंच. वस्तु आली कीं तींत अनुक्रमांक पडतो, आणि वस्तु गेली कीं त्याच ओळींत ती कशी गेली हें लिहावें लागतें. मध्यें निर्लेखनाचा ठराव, यंत्र जाणणाऱ्याचा दाखला, हातची किंमत, जाहिरात, अनामत रक्कम, भरणा, आणि मोटार असेल तर नोंदणी रद्द करणें. कागद मोजले तर पंधरा-वीस होतील. हे कागद पाहून लोक कंटाळतात. परंतु नागपूरच्या हत्तींसाठीं असा एकहि कागद कोणी मागूं शकला नव्हता, हें स्मरलें म्हणजे कंटाळा जरा कमी होतो.

कागद पुरे असले म्हणजे व्यवहार पुरा असतो असें मात्र मुळींच नाहीं. लबाडीच्या वाटा ठरलेल्या आहेत, आणि त्या कोणत्याहि एका गांवच्या नाहींत. मालाचे बारीक बारीक भाग पाडून प्रत्येक भाग वरच्या मंजुरीच्या मर्यादेखालीं ठेवावयाचा, ही एक. लिलावाच्या आदल्या आठवड्यांत चांगलीं चाकें व बॅटरी काढून त्या जागीं गळकीं बसवावयाचीं, ही दुसरी. तिसरी व्यापाऱ्यांची, आपसांत साखळी करून एकानेंच बोलावें, बाकीच्यांनीं माना डोलवाव्या, आणि मग संध्याकाळीं बाहेर दुसरा, खरा लिलाव करावा. या तिन्हींहून घातक असा प्रकार मात्र गुन्ह्यांतहि मोडत नाहीं. तो म्हणजे कांहींच न करणें. निर्णय घेतला तर चौकशी होण्याची भीति. न घेतला तर फक्त गंज चढतो, आणि गंजाची चौकशी कोणी करीत नाहीं. ज्या मोटारीला पहिल्या वर्षीं बरी किंमत आली असती, ती पांच पावसाळे खाऊन नुसत्या लोखंडाच्या वजनावर जाते.

उलट बाजूहि विसरतां येत नाहीं. निकामी आणि रिकामी या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे, पण व्यवहारांत तो मोठा. पंचगंगेच्या कांठच्या गांवीं मार्च महिन्यांत कोठारांतली बोट पाहिली तर तिच्याइतकी अडगळ दुसरी दिसणार नाहीं. २००५ चा, २०१९ चा किंवा २०२१ चा पूर ज्यांनीं पाहिला त्यांना मात्र तिची किंमत सांगावी लागत नाहीं. रामचंद्रपंतांचा हवालदार जी दारू पंधरवड्यानें उन्हांत टाकीत होता तीहि शांततेच्या दिवसांत अशीच रिकामी दिसत असणार.

अलीकडे या सगळ्या विचारावर एक नवा नियम येऊन बसला आहे. केंद्र सरकारनें २०२३ च्या जानेवारींत ठरविलें कीं, केंद्र, राज्य, महानगरपालिका, नगरपालिका, परिवहन संस्था, कोणाचीहि सरकारी मोटार पंधरा वर्षांची झाली म्हणजे तिची नोंदणी पुन्हा करावयाची नाहीं; ती मान्यताप्राप्त मोडणी केंद्रांतच जावी. १ एप्रिल २०२३ पासून हा नियम लागू झाला. देशाचें संरक्षण, शांतता व सुव्यवस्था यांसाठीं असलेल्या खास गाड्यांना सवलत आहे. आगीच्या बंबाचें नांव त्या सवलतींत नाहीं. विक्रीहि पुष्कळ ठिकाणीं आतां संगणकावरच्या बोलीनें होते. ज्या एम.एस.टी.सी. या सरकारी कंपनीमार्फत ती चालते ती १९६४ सालीं भंगाराच्या व्यापारासाठींच निघाली होती. चेन्नईचा व्यापारी कोल्हापूरच्या मोटारीवर घरबसल्या बोली लावूं शकतो. त्यामुळें गांवच्या साखळीला चांगलाच धक्का बसला, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे.

वयाचा हा नियम मात्र वादाचा आहे. धूर कमी व्हावा, जुन्या गाड्यांचे अपघात टळावे, आणि निर्णयावांचून गंजणें थांबावें, हा हेतु चांगला आहे. ‘निकामी’ ठरविण्याचा अधिकार माणसाच्या मर्जीतून काढून पंचांगाकडे दिला, तर मर्जीतली लबाडी जाते. पण तिच्याबरोबर पारखहि जाते. कचऱ्याच्या गाडीचा पत्रा कुजक्या ओलीनें सात-आठ वर्षांतच खाल्ला जातो, आणि नियमाप्रमाणें ती आणखी सात वर्षें तरुण राहते. आगीचा बंब महिन्यांतून चार वेळां बाहेर पडतो, रोज पुसला जातो, आणि इंजिन ठणठणीत असतांना पंधराव्या वर्षीं म्हातारा ठरतो. ज्या मोठ्या शहराला दुसऱ्या दिवशीं नवा बंब घेतां येतो त्याचें कांहीं अडत नाहीं. लहान नगरपरिषदेला मात्र नव्या बंबासाठीं अनुदानाची वाट पाहावी लागते, आणि तोंवर आग थांबून राहात नाहीं. पूर्वी मोठ्या शहराची जुनी गाडी लहान गांवाच्या उपयोगीं पडूं शके. ती वाट या नियमानें बंद झाली आहे. वळिवड्याच्या बराकींना जर असा नियम लागला असता तर काय झालें असतें, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

मोडणी केंद्रांत गेलेल्या गाडीचें तेल, वायू, बॅटरी, रबर वेगळें काढण्यांत येतें. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक कापून घेतला जातो, म्हणजे त्या नांवानें दुसरी गाडी रस्त्यावर येऊं नये. आणि मग दाखला मिळतो. तो दाखला आला म्हणजे नोंदवहींतली ती ओळ पुरी होते, आणि लेखापरीक्षकाची खूण तिच्यावर पडते. उरलेलें लोखंड बाजारांत जातें. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगांवच्या ओतशाळांत असलें भंगार रोज भट्टींत पडतें, आणि त्यांतून नव्या मोटारींचे, पंपांचे व ट्रॅक्टरांचे भाग ओतून बाहेर निघतात.